कॅमेऱ्याशेजारची टिकली

कन्नडच्या सरकारी कार्यालयातला फोन चिकलठाण्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर वाजतो, ही गोष्ट मला बरेच दिवस पचत नव्हती. मधे दौलताबादचा किल्ला, वेरूळची लेणी आणि रस्त्याचं न संपणारं काम. हे सगळं ओलांडून कुणी शेतकरी तिकडं नंबर फिरवतो आणि इकडं लोणच्याच्या बरणीशेजारी लॅपटॉप किणकिणायला लागतो. बायको हेडफोन लावते आणि शांतपणे म्हणते, "हॅलो, कन्नड कार्यालय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भेंडी चिरत होतो. मी उठून खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर चिकलठाणाच होतं. विमान उतरत होतं.

बायको कालव्याच्या पाण्याचे अर्ज बघते. कालव्याला पाणी सोडायच्या आधी कुणाच्या शेताची पाळी कधी, हे तिच्या टेबलावरून ठरून पुढं जातं. लग्नापासूनची सगळी वर्षं तिनं शहरातून कन्नडला अपडाऊन केलं. आमच्याकडं अपडाऊन हा शब्द लोक हुद्द्यासारखा सांगतात. ओळख करून देताना म्हणतात, "या सरकारी नोकरीत आहेत, अपडाऊन करतात," आणि ऐकणारा आदरानं मान हलवतो. तर त्या अपडाऊनमधे एसटीचे गचके साठत साठत शेवटी तिच्या मणक्यात गॅप आला. डॉक्टरांनी एक्सरे उजेडाकडं धरला आणि तिला सोडून मलाच विचारलं, "यांना रोज बसनं कोण पाठवतं?" जसं काही मीच रोज सकाळी तिला मागून ढकलून बसमधे चढवत होतो.

बस बंद झाली. आता राहिले दोनच मार्ग. एक तर स्वेच्छानिवृत्ती, नाही तर काहीतरी चमत्कार. स्वेच्छानिवृत्तीचं नाव काढलं की ती भांडी आपटत नसे, उलट फार हळू ठेवत असे, आणि ते जास्त भीतिदायक होतं. त्याच सुमाराला तिच्या कार्यालयाच्या छताचं काम निघालं, बसायला जागा पुरेना, आणि वरून नवी सिस्टीम आली. टेबलावरचा फोन, निरोप, कागदपत्रं, व्हिडिओवरच्या बैठका, सगळं एकाच पडद्यावर. माणूस कुठंही असो, त्याचा सरकारी नंबर त्याच्या मागं मागं जाणार. बायकोला घरून काम करायची परवानगी मिळाली, ती 'प्रायोगिक तत्त्वावर'. मोठ्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की महिनाअखेर ते स्वतः कन्नडला येतील आणि समोर आलेल्या लोकांनाच विचारतील. लोकांची अडचण होत असेल तर परवानगी बंद. म्हणजे नोकरीच बंद, हे साहेब बोलले नव्हते, पण आमच्या घरात ते सगळ्यांना कळलं होतं. आईला सुद्धा.

माझी चिकलठाण्यातल्या कंपनीत कायमची दुसरी पाळी. स्टोअरला असतो. त्यामुळं दुपारपर्यंत मी घरी, आणि घरी असलेल्या माणसाला उद्योग लागतो. त्या सिस्टीमनं मला तो दिला. मला तिच्यातलं सगळं जाणून घ्यायचं होतं. फोन वाजतो तो आधी कन्नडला वाजतो की इथं? बायको बाथरूमला गेली तर सरकारला कळतं का? प्रशिक्षण द्यायला आलेल्या इंजिनीअरनं पडद्यावर एक तास सगळं समजावलं, बायको वहीत लिहून घेत होती आणि मागं उभा राहून प्रश्न मीच विचारत होतो. शेवटी त्यानं नम्रपणे विचारलं, "सर, आपण कोणत्या विभागात?" मी म्हणालो, "स्वयंपाक." त्यानंतर मला पडद्याच्या टप्प्यात यायची मनाई झाली.

आईला मनाईची गरज नव्हती. ती टेबलामागून देवघराकडं जाताना आपणहून डोक्यावर पदर घ्यायची, आणि परत येताना पडद्याकडं बघून किंचित मान झुकवायची. सरकार घरात बसलंय म्हटल्यावर तेवढं तरी करायला पाहिजे, असं तिचं मत.

कन्नडच्या बाजूला या सगळ्याचा ताबा कार्यालयाच्या शिपायाकडं होता. त्यांना सगळे मामा म्हणतात. सिस्टीमबरोबर एक टॅबलेट आला होता, तो येणाऱ्या लोकांसाठी टेबलावर ठेवायचा, अशी सूचना होती. मामांना ते बरोबर वाटलं नाही. सरकारी कार्यालयात खुर्ची रिकामी दिसली की माणूस दारातूनच परत फिरतो, हे त्यांना ठाऊक. म्हणून त्यांनी बायकोच्या खुर्चीवर जुन्या गॅझेटांची चळत रचली, वर उशी ठेवली, उशीवर टॅबलेट उभा केला, आणि खुर्चीच्या पाठीवर ती तिथं विसरून आलेली तिची शाल टाकली. पहिल्या दिवशी तिकडच्या सहकाऱ्यानं त्या खुर्चीचा फोटो पाठवला. बायको बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "अहो, यात मी जरा बारीक दिसतेय."

सिस्टीममधे प्रत्येक माणसाच्या नावापुढं ठिपका असतो. हिरवा म्हणजे हजर, पिवळा म्हणजे जरा उठलाय, लाल म्हणजे दुसऱ्याशी बोलतोय. मामांनी ते लगेच आत्मसात केलं. आलेल्या माणसाला ते सांगत, "बसा, बाई लाल हायेत." थोड्या वेळानं, "झाल्या हिरव्या, बोला." एकदा ती औषध घ्यायला उठली होती तेव्हा लॅपटॉपमधून मामांचा आवाज आला, "पिवळ्या पडल्यात, पाणी प्यायला गेल्या असतील." आई घाबरून देवघरातून बाहेर आली.

लोक मात्र रुळले. समोरच्या बाकावर बसायचे, पडद्याला नमस्कार घालायचे, काम सांगायचे. कुणी पेरू आणले तर पडद्यापुढं ठेवायचे. ते पेरू मामांनी बाईंच्या वतीनं खाल्ले.

मग एक दिवस चाचा आले.

चाचा कन्नडजवळच्या एका गावचे. अद्रकाची शेती, आणि शेत कालव्याच्या अगदी शेपटाला. शेपटाला शेत असणं म्हणजे वरच्या सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर पाणी. त्यामुळं दर पाळीच्या आधी चाचा कार्यालयात यायचे, बायकोच्या समोर बसायचे, एकच प्रश्न विचारायचे आणि उत्तर घेऊन जायचे. तिच्याकडून या माणसाबद्दल मी इतकं ऐकलं होतं की त्या दिवशी मनाई मोडून मी तिच्या खांद्यामागून डोकावलो. पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, गुडघ्यावर हात.

बायको म्हणाली, "चाचा, तुमचं नाव यादीत आहे. मंजूर झालंय."

चाचा नुसतेच पडद्याकडं बघत राहिले. मग मामांकडं वळले. "बाई मपल्याकडं कामून बघत नाय?"

"बघतायत की," मामा म्हणाले.

"नाय. खाली बघत्यात." मग पडद्याला, जरा मोठ्यानं, "बाई, काय झालं असंल तर सांगून टाका. मी नाराज नाय व्हनार. पर नजर चोरू नका."

बायकोनं परत सांगितलं, नाव आहे, पाणी येणार आहे. जितक्या कळकळीनं सांगत होती तितकी ती पडद्यावरच्या चाचांच्या चेहऱ्याजवळ वाकत होती, आणि तितके तिचे डोळे तिकडं आणखी खाली दिसत असणार. हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही. चाचा उठले. त्यांची सगळी उमर हापिसांच्या चकरांत गेली, ते म्हणाले, आणि ज्या माणसानं मान खाली घालून 'झालंय' म्हणून सांगितलं, त्याच्याकडचं त्यांचं काम कधीच झालेलं नव्हतं. मोठे साहेब येणार आहेत म्हणतात, तर त्यांनाच विचारतो, म्हणाले. आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं.

बायकोनं हेडफोन काढून ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती म्हणाली ते वेगळंच. "अहो, मी त्यांच्याकडंच बघत होते. सगळा वेळ."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त उत्सुकता वाटली. ती त्यांच्याकडं बघते आणि त्यांना ती बघताना दिसत नाही, हे कसं काय? मी मोबाइल घेऊन बेडरूममधे गेलो, दार लावलं आणि तिला जेवणाच्या टेबलावर व्हिडिओ कॉल लावला. एवढ्या वर्षांच्या संसारात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बायकोला फोन करायची ही पहिली वेळ.

"माझ्याकडं बघ," मी म्हणालो.

"बघतेय."

नव्हती बघत. पापण्या खाली होत्या, जशी काही ती तांदूळ निवडत होती. मी ओरडून सांगितलं, जरा वर बघ. आणखी वर. एका क्षणी तिनं लॅपटॉपच्या वरच्या कडेला, त्या बारक्या कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि बेडरूममधे मी एकदम सावरून बसलो. थेट माझ्याकडं बघत होती. भाजी आणायला विसरलो की बघते तशी. म्हणजे गोम एवढीच होती. चेहरा पडद्यावर आणि डोळा पडद्याच्या वर. आपण चेहऱ्याशी बोलतो आणि बघणारा डोळा आपल्याला वरून बघत असतो.

पण सवय सुटेना. बोलायला लागली की तिची नजर घसरून समोरच्या चेहऱ्यावर जायची. कुठंतरी खूण हवी होती. आमच्या घरात तिच्या टिकल्या सगळीकडं असतात, आरशाच्या कडेला, फ्रिजवर, बाथरूमच्या फरशीवर. तोंड धुताना काढायची, जवळ दिसेल तिथं चिकटवायची. मी फ्रिजवरची एक मरून रंगाची टिकली उचलली आणि तिच्यासाठी खूण म्हणून लावून टाकली. नेमकी कॅमेऱ्यावर.

मला वाटलं, बघायचंय कॅमेऱ्याकडं, तर खूण कॅमेऱ्यावरच हवी. तेवढ्यात कॉल आला. तिकडून मामांचा घाबरा आवाज, "बाई, तुमी हिरव्या हायेत पर अंधार झालाय." बायकोनं माझ्याकडं बघितलं. या वेळी नजर अजिबात चुकली नाही. तिनं नखानं टिकली काढली, कॅमेऱ्याच्या बाजूला, अगदी चिकटून लावली, आणि काम सुरू केलं.

टिकली लागू पडली. पुढच्याच दिवशी तिकडून एक आजी मामांना म्हणाल्या की बाई आज कशा समोर बसल्यासारख्या वाटत्यात. मामांनी ते श्रेय उशीला दिलं. मी दुपारी कंपनीत जाताना शीळ घालत गेलो.

चार दिवसांनी बायको म्हणाली, "मला कुणी दिसतच नाही."

झालं असं होतं की टिकलीकडं बघायचं तर माणसाकडं बघता येत नव्हतं. तिकडच्या माणसाला तिचे डोळे मिळाले होते आणि तिला मिळाली होती टिकली. समोरचा हसला का, चेहरा पडला का, काही बोलायला तोंड उघडून गप्प बसला का, काही कळायचं नाही. आणि तिचं कामच तर ते होतं. अर्जात काय लिहिलंय यापेक्षा अर्ज देताना माणसाचा चेहरा कसा आहे, यावरून तिला पुढचं कळायचं. "टिकलीला पाणी मंजूर करत बसलेय मी," ती म्हणाली.

मग मी स्वतःची नेमणूक करून घेतली. कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, तिच्या उजव्या हाताला स्टूल टाकून मी पडद्याकडं तिरका बघत बसायचो आणि खुणा करायचो. तळहात वर म्हणजे माणसाला काही बोलायचंय. हात गालावर म्हणजे पटलेलं नाही. दोन्ही हात जोडले म्हणजे निघाले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला प्रत्येक माणसात गोष्ट दिसायला लागली. एक शेतकरी खोकला तर मी छातीवर हात ठेवून त्याच्या घरचं आजारपण दाखवलं. एक जण दारातच घुटमळत होता, तर मी बोटांनी बायको, सासरा आणि वाटणीचा वाद असं सगळं नाटक केलं. बायकोनं टेबलाखालून लाथ मारली. त्या माणसाला फक्त पत्ता विचारायचा होता.

मोठे साहेब आले तो दिवस उजाडला. मी कंपनीतून रजा घेतली होती, कारण काय दिलं ते विचारू नका. आईनं सकाळीच लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, ते पुसताना टिकली निघाली, आणि सगळ्या घरानं ती जमिनीवर शोधली. बायकोनं इस्त्रीची साडी नेसली. कमरेला पट्टा होता, तो साडीखाली.

साहेब बाकावर चाचांच्या शेजारीच बसले होते. बायकोनं नमस्कार केला, टिकलीकडं बघून. साहेबांनी लोकांना एकेक करून विचारलं, आणि बहुतेकांनी बरं चाललंय असं सांगितलं. साहेबांसमोर कोण वाईट सांगणार, हे साहेबांनाही ठाऊक असावं. मग त्यांनी चाचांना विचारलं.

चाचांनी साहेबांना उत्तर दिलंच नाही. ते पडद्याकडं वळले. "बाई, मपलं पानी हाय का?"

"आहे, चाचा," बायको म्हणाली. "नाव आहे. पाणी शेपटापर्यंत येईल."

चाचा पुढं वाकले. पडद्यावर त्यांचा चेहरा मोठा झाला, दाढीतले केस वेगळे दिसायला लागले. मी बघतच राहिलो, आणि खूण करायची विसरलो. बायकोला काही दिसत नव्हतं. तिला खाली बघायचं होतं, हे मला तिच्या मानेवरून कळत होतं. एकदा नजर खाली टाकली असती तर तिला त्यांचा चेहरा कळला असता, आणि तिची नोकरी तिथंच संपली असती. ती टिकलीकडं बघत राहिली. न हलता.

"हां," चाचा म्हणाले आणि मागं टेकले. "आता दिसलं."

साहेब म्हणाले, "मग काही अडचण नाही?"

"अडचण हाय."

मला भान आलं. मी घाईघाईनं हात गालावर ठेवला, मग वर केला, मग दोन्ही हलवले. बायकोची नजर क्षणभर माझ्याकडं फिरली.

"हे बघा, हे," चाचा साहेबांना म्हणाले. "बाई बघत्यात मपल्याकडं, खरंय. पर त्यांला मी दिसत नाय. तिथं बाजूला कोन तरी बसलंय, त्ये सांगतंय तवा त्यांला कळतंय." मग ते म्हणाले, "साहेब, बाजाराच्या दिवशी समदी कन्नडात येत्यात. तेवढ्या दिवशी बाईंला खुर्चीवर बसू द्या. आमाला बघू द्या, त्यांला बी बघू द्या. बाकीचे दिस हे असं चालंल."

साहेबांनी पडद्याकडं बघितलं. "मॅडम, आठवड्यातून एक दिवस जमेल? बसनं नको, तब्येतीला झेपेल तसं."

बायकोनं आता टिकली सोडली. तिनं खाली, पडद्यावर, साहेबांकडं आणि चाचांकडं पोटभर बघून घेतलं. तिकडं त्यांना फक्त पापण्या दिसल्या असतील. "जमेल, सर," ती म्हणाली.

साहेबांनी तसा आदेश काढायला सांगितला. कॉल बंद व्हायच्या आधी चाचांचा आवाज आला, "आन बाजूच्या मानसाला माझा सलाम सांगा. म्हनावं, हात लई हलवू नका, खांदा दुखंल."

तेव्हापासून मी कंपनीत साप्ताहिक सुटी बदलून घेतली. बाजाराच्या दिवशी सकाळी पुढच्या सीटची पाठ मागं झुकवून, कमरेला उशी लावून मी तिला गाडीनं कन्नडला नेतो. प्रत्येक खड्ड्याला ती माझ्याकडं बघते, जसा काही मीच रात्री येऊन तो खणला. मामांनी गॅझेटं खाली उतरवली, उशी मात्र ठेवली. ती तिच्या पाठीला लागते.

पहिल्याच बाजाराला चाचा आले. पाणी शेपटापर्यंत पोहोचलं होतं. त्यांनी टेबलावर ओल्या अद्रकाची पिशवी ठेवली, माती लागलेली, आणि समोरच्या बाकावर बसले. मी दाराजवळच्या स्टुलावर होतो, हात मांडीखाली घेऊन.

बायकोनं त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. पीक कसं आहे, घरी सगळे कसे आहेत. चाचा उत्तरं देत होते, पण मधेच ते थांबले आणि मागं वळून भिंतीकडं बघितलं. भिंत कोरी होती. ते परत वळले, जरा वेळानं परत मागं बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "वर काय हाय तिथं?"

तेव्हा मला दिसलं. ती त्यांच्या टोपीच्या वीतभर वर, हवेतल्या एका ठिकाणाकडं बघून बोलत होती. टिकली जिथं असायची तिथं.

तिनं तोंडावर पदर धरला आणि हसायला लागली. कंबर धरून हसली, कारण हसलं तरी दुखतं. मग तिनं नजर खाली आणली, चाचांच्या डोळ्यांपर्यंत, आणि तिथं ठेवली.